थांबावहिनींची वर्गसमीकरणं

गणित शिकवताना पोराच्या हातातली पेन्सिल काढून घेणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आमच्या शेजारच्या वहिनी. देवळाली कॅम्पात आमची नि त्यांची खोली भिंतीला भिंत लागून. दर दोन मिनिटांनी "थांब!" म्हणायच्या, म्हणून मी त्यांना थांबावहिनी म्हणायचो. तोंडावरच म्हणायचो. त्याही हसायच्या.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आम्ही दोघांनी बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरला होता. मी वीस वर्षांचा, त्यामुळे अर्थातच सर्वज्ञ. वहिनींना त्या श्रावणात सव्वीस वर्षं पूर्ण होणार होती आणि वयाची अट सव्वीसचीच. म्हणजे त्यांची ही पहिली आणि शेवटची परीक्षा. दादा, म्हणजे त्यांचे यजमान, अंबडला कारखान्यात पाळ्या करायचे. "तू बस अभ्यासाला, पोरीला मी बघतो," असं म्हणणारा नवरा त्या काळी आमच्या गल्लीत तरी दुसरा नव्हता.

त्या परीक्षेत एक चमत्कारिक प्रकार असे. प्रश्न द्यायचे, खाली दोन विधानं द्यायची, आणि उत्तर मागायचंच नाही! उत्तर काढायला एवढी माहिती पुरेशी आहे का, एवढंच सांगायचं. पहिलं विधान पुरतं, दुसरं पुरतं, दोन्ही मिळून पुरतात, की दोन्ही मिळूनही अपुरं? मला हे पटायचंच नाही. गणित दिसलं की माझे हात शिवशिवायचे.

"क्ष किती? पहिलं विधान : क्ष वर्ग वजा क्ष वजा बारा बरोबर शून्य. दुसरं : क्ष धन आहे," वहिनी मेथी निवडता निवडता वाचायच्या. मी लगेच अवयव पाडायला घेई.

"थांब! ठेव ती पेन्सिल. किंमत कुणी मागितली तुला?"

"मग कळणार कसं वहिनी?"

"अरे, शेवटी वजा बारा आहे ना? दोन मुळांचा गुणाकार ऋण, म्हणजे एक मूळ धन आणि एक ऋण. धनच हवंय म्हटल्यावर एकच उरलं. दोन्ही विधानं मिळून पुरतं. संपलं! ते चार असो नाहीतर चौदा, आपल्याला काय करायचंय?"

मला चार हे उत्तर काढल्याशिवाय चैन पडायचं नाही. वहिनी मेथीच्या काड्या सुपात टाकत म्हणायच्या, "उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग!" घरातही त्यांचं तेच. कुणाची कागाळी घेऊन शेजारीण आली, की पूर्ण ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "अजून एक विधान लागेल बाई." शेजारीण वैतागून निघून जायची.

परीक्षा नाशिकला झाली. परतीच्या बसमध्ये आम्ही उत्तरं ताडून पाहिली. क्ष वर्ग वजा सात क्ष अधिक बारा बरोबर शून्य. आणि खाली पुन्हा, क्ष धन आहे. मी 'दोन्ही मिळून पुरतं' लिहिलं होतं. वहिनींनी 'अपुरं'.

"घातलात ना घोळ!" मी अख्ख्या बसला ऐकू जाईल असं ओरडलो. "क्ष धन आहे असं दिलं होतं की हो!"

 वहिनी खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "असेल बाबा."

मला इतकं वाईट वाटलं! बिचारीची एकुलती एक संधी. पुढचे दोन महिने मी त्यांची समजूत काढत होतो. एकदा तर पावशेर चिवडा नेऊन दिला. "एका प्रश्नानं काही होत नाही, वहिनी," असं मी, मी त्यांना सांगत होतो! त्या मान डोलवायच्या आणि चिवडा खायच्या.

निकाल लागला. वहिनी पास, मी नापास. त्यांच्याकडून गल्लीभर पेढे वाटले गेले आणि दादा तर दिसेल त्याला मिठी मारत सुटले. मी खोलीत जाऊन ते समीकरण पहिल्यांदा शांतपणे सोडवलं. तीन आणि चार. दोन्ही धन! आता क्ष तीन म्हणायचा की चार? माहिती अपुरीच होती. लाजेनं मला घरात बसवेना.

वहिनींची नेमणूक सटाण्याला झाली. त्या निघाल्या त्या दिवशी त्यांची ट्रंक घेऊन मी स्टँडवर गेलो आणि अखेर विचारलंच, "वहिनी, माझं चुकलंय हे तुम्हाला बसमध्येच कळलं होतं ना?"

"हो, तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत? मी दोन महिने तुम्हाला शहाणपणा शिकवत होतो!"

पोरीला खिडकीशी बसवत त्या म्हणाल्या, "अरे, तुझा एक प्रश्न चुकला एवढंच मला माहीत होतं. बाकीचा पेपर कुठे पाहिला होता मी? तेवढ्या माहितीवर तुला रडवायचं कशाला?"

बस सुटली. मी भर स्टँडवर हसत होतो आणि डोळे पुसत होतो. पुढच्या खेपेला मीही पास झालो, पण त्या दिवशी मी जे शिकलो ते कुठल्याच परीक्षेत विचारत नाहीत.