लेकीचा उलटा हात

जवळच्या कामाला गाडी काढायची नाही, असं शाळेत शिकवल्यापासून माझी लेक घरात शिरण्याआधी माझ्या स्कूटरला हात लावून बघते. ताप आलाय का म्हणून मी तिच्या कपाळाला लावते ना, अगदी तसाच उलटा हात.

आज दुपारीही लावला. "आई, गरम आहे."

"अगं, उन्हात उभी आहे ती. कोथिंबीर आणायला मी चालतच गेले होते."

"हं," ती म्हणाली. ती "दात घासले" म्हणते तेव्हा मी जे म्हणते, तेच हे "हं".

मुलांना पृथ्वीची काळजी घ्यायला शिकवावं, हे खरंच. पण पृथ्वी पडली लांब, आई हाताशी. मग पाळत आईवरच.

खरं बोलत होते, तरी नजर माझीच खाली गेली. शेवटी धुळीनं भरलेले पाय मी हळूच पुढे केले.

तिनं ते वाकून तपासले.