ताडावर गेलेली पोर

रानशेतच्या अलीकडच्या पाड्यावर पांड्याचं घर कोणतं, असं कुणाला विचारावं लागत नसे. ज्या दाराची वरची चौकट मधोमध घासून गुळगुळीत झालेली, ते पांड्याचं. ती त्याच्या कपाळानं घासली होती. उभा जन्म त्या घरात गेला, पण वाकून आत शिरावं हे काही त्या माणसाच्या डोक्यात शिरलं नाही. चौकट मात्र रोज शिरायची.

पाड्यावरची बाकीची माणसं बेताच्या उंचीची. त्यांच्यात पांड्या उभा राहिला की मांडवाची एक मेढ चुकून जास्त लांब कापली गेल्यासारखं वाटे. कौलात अडकलेला चेंडू, शेवग्याची टोकाची शेंग, छपरावर जाऊन बसलेली रुसकी कोंबडी, सगळं उतरवायला पांड्या. धंदाही देवानं त्याचं माप घेऊनच दिला होता. तो ताडी काढायचा. सकाळी ताडावर, संध्याकाळी ताडावर आणि मधल्या वेळात ताडाच्या गोष्टी. उन्हाळ्यात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला जाणाऱ्या लोकांना तो हायवेच्या कडेला ताडगोळे विकायचा, तेव्हा गिऱ्हाइकाच्या पदरात गोळे कमी आणि माहिती जास्त पडायची. नर ताड कसा ओळखावा, मादी ताड कशी ओळखावी, हे ऐकल्याशिवाय त्याच्याकडून कुणाची सुटका नव्हती. गाडीत बायकापोरं ताटकळत बसायची.

त्याची बायको हिरी त्याला डोसा म्हणायची, म्हणजे म्हातारा. तो जवान होता तेव्हापासून म्हणायची. डोसाला ताडाशीच लगीन करायचं होतं, पण ताड नाही म्हणाला म्हणून मी मिळाले, असं ती भर पंक्तीत सांगे. पांड्याचं एकही वाक्य तिनं उत्तराशिवाय जाऊ दिलं नव्हतं.

त्यांचा मुलगा सुनिल आणि सून निलम यांना २०१३ च्या पावसात मुलगी झाली. नाव रूपी. तान्ह्या पोरीचे पाय ताणून बघत पांड्यानं तिथल्या तिथे निकाल दिला, की पोर आज्यावर गेली. लांब आहेत पाय. हिरी म्हणाली, सगळ्याच पोरांचे पाय ओढल्यावर लांब होतात. पण पांड्या ऐकतोय कुठला. त्यानं एक पिकलेलं ताडफळ आणून कुंपणाशी पुरलं. दोघं बरोबरीनं वाढतील, म्हणाला.

दिवाळी झाली की सुनिल आणि निलम भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. पाड्यावरची निम्मी घरं तशीच जायची. रूपी अंगावर पिणारी, त्यामुळे पहिल्या वर्षी ती आईबरोबर गेली. परत आली ती नुसते डोळे घेऊन. अंगणवाडीच्या सुषमाताईनं तिला वजनकाट्याच्या झोळीत घातलं तर काटा हलायला तयार होईना. वजनाच्या तक्त्यावर रूपी लाल रंगात, म्हणजे धोक्यात गेली.

२०१४ च्या दिवाळीत, भट्टीचा टेम्पो यायच्या आदल्या दिवशी सुषमाताई पांड्याच्या उंबऱ्यावर येऊन बसली. मुलगी आता सव्वा वर्षाची आहे, वरचं खाते, यंदा तिला आजीजवळ ठेवा, एवढंच तिचं मागणं होतं. मी रोज बघेन, वजन घेईन, खाऊ घालीन. तिकडे निलम विटा वाहणार आणि ही विटांच्या थप्पीच्या सावलीत वाळकी भाकरी चोखत बसणार. हिरीला ते पटलं होतं. तिनं रूपीसाठी आपल्या शेजारी गोधडीसुद्धा अंथरून ठेवली होती.  निलम सासऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. घरात शेवटचा शब्द त्याचा.

पांड्या कुंपणापाशी गेला. पुरलेल्या फळातून हिरवं, घडी घातलेलं एकच पान वर आलं होतं.

"ताय, हा ताड आहे," तो म्हणाला. "याला धा-बारा वर्सं खोड येत नाही. नुसती पानं, भुईला चिकटून. परका माणूस झुडूप समजून कापून टाकील. पण आत मुळं खाली चाललेली असतात. मग एकदा उठला की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. माझं पण तसंच झालं होतं."

"बाबा, पोर म्हणजे ताड नाही," सुषमाताई म्हणाली.

"माझी आहे ना पण?"

अंगणात जमलेली पाड्यावरची माणसं हसली. सुषमाताईचं ट्रेनिंग चांगलं झालं होतं, पण त्यात ताडाचा धडा नव्हता. पांड्या म्हणाला, आयसपासून पोर तोडू नये, वाढायला जन्म पडलाय. हिरीनं गोधडीची घडी केली. सकाळी रूपी टेम्पोत बसली.

पुढची दोन वर्षंही तेच झालं. दर पावसाच्या सुरुवातीला पांड्या रूपीला ताडाशेजारी उभी करायचा. ताडाची पानं वाढलेली असत. रूपी होती तेवढीच वाटे. दोघं मुळं धरतायत, तो सांगायचा, आणि रूपीही छाती काढून उभी राहायची. तिला ती गोष्ट फार आवडे. बोलण्यात मात्र ती आज्याला भारी होती. एवढ्याशा देहातून एवढा आवाज कसा निघतो, याचं पाड्याला नवल वाटे.

२०१७ ला भट्टीवरून ती सुनिलच्या खांद्यावर आडवी होऊन आली. जुलाब लागले होते. डहाणूच्या दवाखान्यात तिला ठेवावं लागलं. चार वर्षांची होत आलेली पोर त्या खाटेवर उशीएवढी दिसत होती. हिरी तिच्याजवळ बसून राहिली आणि तितके दिवस पांड्याशी एक अक्षर बोलली नाही. तिच्या टोमण्यांची सवय लागलेल्या माणसाला ते फार जड गेलं. दिवाळीत टेम्पो आला तेव्हा हिरी रूपीला मांडीवर घेऊन दारातच बसली. तिनं कुणाला विचारलं नाही आणि कुणी तिला विचारलं नाही. टेम्पो तसाच गेला.

मग ते घर पोरीच्या पोटाच्या मागे लागलं. अंगणवाडीत खिचडी आणि अंडं, घरी नाचणीची पेज. पांड्या ताडावरून उतरला की ओहोळात हात घालून मासे शोधायचा. त्याची लांब बोटं तिथं पहिल्यांदा कामाला आली. होळीपर्यंत रूपीला गाल आले. एके दिवशी सुषमाताईनं सांगितलं, रूपी हिरव्या रंगात आली. पांड्यानं पाड्याला ताडी पाजली. पोर हिरवी झाली, पोर हिरवी झाली, असं तो इतका ओरडत फिरला की पलीकडच्या पाड्यावरची एक म्हातारी, पोरीला साप चावला समजून, कडुलिंबाचा पाला घेऊन धावत आली.

दुसऱ्या दिवशी तो ऐटीत अंगणवाडीत गेला. सुषमाताई खिचडी ढवळत होती.

"आता उंची सांग," तो म्हणाला. "वजन काय, बोकडाचं पण वाढतं."

सुषमाताईनं जरा टाळलं. मग रूपीला भिंतीवरच्या पट्टीला उभी करून दाखवली. वजन उंचीच्या मानानं बरोबर होतं, म्हणून हिरवा रंग. पण ती उंची जेमतेम तीन वर्षांच्या मुलीची होती. रूपीला पाचवं सरत आलं होतं.

"येईल की मागून," पांड्या म्हणाला.

"बाबा, वजन मागून येतं. उंचीचं तसं नाही. पहिल्या दोन वर्षांत राहिलं ते बहुतेक राहतंच. थोडी वाढेल ती. पण तुमच्यासारखी नाही."

पांड्या हसला. कुणी साथ दिली नाही तेव्हा थांबला. पट्टीवर रूपीचं डोकं जिथं आलं होतं तिथं त्यानं बोट ठेवलं, आणि त्यासाठी त्याला बराच वेळ वाकून राहावं लागलं.

"पहिली दोन," तो म्हणाला. "म्हणजे तू माझ्या उंबऱ्यावर आली होतीस तेव्हा?"

सुषमाताई पुन्हा पातेल्यापाशी गेली. खिचडी ढवळून झाली होती, तरी ती ढवळत होती.

त्या उन्हाळ्यात हायवेवरच्या गिऱ्हाइकांना ताडगोळे मिळाले आणि माहिती मिळाली नाही. जुनी गिऱ्हाइकं विचारायची, बाबा, तब्येत बरी नाही का. तो नुसती मान हलवायचा. रूपीला ताडाशेजारी उभी करणंही त्यानं सोडून दिलं. ती आपली आपण जाऊन उभी राहायची.

२०१९ च्या जूनमध्ये रूपी पहिलीत गेली. शाळेचा फ्रॉक घोट्यापर्यंत आला होता. शेजारची सुकी तिच्याच वयाची, पण दोघी हात धरून चालल्या की थोरली बहीण धाकटीला पोचवायला निघालीय असं वाटे. पांड्या मागून गेला आणि वर्गाच्या खिडकीपाशी उभा राहिला. नवीन गुरुजी हजेरी घेत होते. रूपीला बघून ते प्रेमानं म्हणाले, बाळ, तुझी अंगणवाडी पलीकडे आहे.

रूपी बाकावर चढून उभी राहिली.

"गुरुजी, मी मोठी आहे," तिनं ठणकावून सांगितलं. "मी ताडाची आहे. मला अजून खोड आलं नाही."

वर्ग हसला. गुरुजीही हसले आणि त्यांनी तिचं नाव लिहून घेतलं. खिडकीत मात्र आता कुणी नव्हतं. एवढा उंच माणूस, पण भिंतीच्या आड तो खाली बसला होता.

शाळा सुटल्यावर तो तिला घरी घेऊन आला. कुंपणापाशी रूपी थांबली. ताडाची पानं आता तिच्या डोक्याच्या वर गेली होती. तिनं पानं बाजूला सारून बुंध्याशी पाहिलं. तिथं भुईच होती.

"आजा, खोड कधी येईल?"

हिरी उंबऱ्यावर तांदूळ निवडत होती. पांड्यानं तिच्याकडे पाहिलं.

"येईल," तो म्हणाला.

हिरीनं तोंड उघडलं, मिटलं आणि सूप उचलून ती बाजूला सरली. पांड्यानं रूपीचं बोट धरलं. ते धरायचं तर त्याला कमरेत वाकूनच चालावं लागे. तसाच तो दारातून आत गेला आणि चौकट त्याला लागली नाही.