बसलं की वाजणारी सायकल

सायकल वाजायला लागली ती कापूस वेचणीच्या दिवसांत. पहिल्या सकाळी मला वाटलं, मागून कुणीतरी येतंय. थांबून वळून पाहिलं तर रस्ता रिकामा होता. पुन्हा बसले आणि पुन्हा तोच आवाज आला. कर्र, कर्र, प्रत्येक पायडलला एक.

मी इंद्रवेल्लीतल्या एका लहान इंग्रजी शाळेत पहिलीच्या मुलांना शिकवते. आमचं गाव मोठ्या रस्त्यापासून आत आहे. शाळेच्या वेळेला बस नाही. ऑटो भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरत आला की जागा उरते ती ड्रायव्हरला चिकटून. म्हणून सायकल. नोकरीला हो म्हणताना बाबांनी एकच अट घातली होती. रस्त्यात कुणी एक शब्द जरी बोललं, तर दुसऱ्या दिवसापासून घरी बसायचं. बाबा कधी आवाज चढवत नाहीत. एकदा बोलले की तो विषय संपतो.

नाल्यावरच्या पुलाच्या कठड्यावर सकाळी काही पोरं बसलेली असतात. तोवर ती मला बघायची आणि परत मोबाइलमध्ये डोकं घालायची. या आवाजानं त्यांना एक काम मिळालं. आधी एकानं तोंडानं कर्र केलं. मग सगळे माझ्या पायडलच्या तालावर करायला लागले. मी जोरात मारलं की तेही जोरात. एकदा मी पुलाआधीच उतरून चालत गेले, तर त्यांनी माझ्या पावलांवर ताल धरला. शब्द मात्र कुणीच बोललं नाही. मी शाळेपर्यंत मनाशी तेच घोकत राहायचे, की कुणी काही बोललेलं नाही, म्हणजे घरी सांगण्यासारखं काही झालेलं नाही.

पण आवाज अंगणापर्यंत येतच होता. एका संध्याकाळी बाबांनी विचारलं, सायकलीला काय झालंय. मी म्हटलं, काही नाही, तेल घालायचंय. ते म्हणाले, बिघडली असेल तर राहू दे, रस्त्यात कुठं अडकून पडू नको. यातलं फक्त ‘राहू दे’ एवढंच मी रात्रभर ऐकत होते.

शाळेजवळ, बस थांब्याच्या बाजूला सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे गेले. दुकानदार तेलुगू, माझ्याशी हिंदीत बोलला. त्यानं सायकल उलटी करून पायडल फिरवलं. आवाज नाही. चेनला तेल सोडलं, पायडलच्या दांड्यांच्या खिळ्या ठोकून घट्ट केल्या, एक पाय पायडलवर ठेवून दुकानासमोर एक फेरी मारली. आवाज नाही. त्यानं मला सांगितलं, मॅडम, तुम्ही बसून चालवून दाखवा.

बस यायची होती. थांब्यावर माझ्या वर्गातल्या दोन मुलांच्या आयाही उभ्या होत्या. त्या सगळ्यांसमोर मी सायकलवर बसायचं, आणि एक माणूस कान देऊन मागून पळणार, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मी म्हटलं, आता ठीक वाटतंय. त्यानं खांदे उडवले. वळण ओलांडून मी सीटवर बसले आणि सायकल पहिल्यासारखी वाजली.

मग मी स्वतःच शोधायचं ठरवलं. परतताना मोठा रस्ता सोडून वावरांमधल्या गाडीवाटेनं यायला लागले, कारण तिथे बघणारं कुणी नसतं असं मला वाटत होतं. एके दिवशी चेनचं झाकण सोडून पाहिलं. दुसऱ्या दिवशी मागचं कॅरियर दोरीनं आवळलं. मडगार्डच्या सळयांमध्ये कागदाच्या घड्या कोंबल्या. काहीच फरक पडला नाही. आवाज कुठून येतोय तेच कळत नव्हतं. खाली वाकलं की तो पुढून यायचा, मान वळवली की मागून.

बघणारं कुणी नसतं हा माझा समज होता. कपाशीच्या ओळीतून एक बाई उभी राहिली, कमरेला वेचलेल्या कापसाची ओटी. म्हणाली, “मास्तरीनबाई, सायकलीले जेवाले घालत नाई का? उपाशी वरडून राह्यली ना.” ओळीतल्या बाकीच्या बाया हसल्या. एकीनं भर घातली, राहू द्या, आवाजानं रानडुकरं तरी पयतात. मीही हसले, आणि मग घर येईपर्यंत एकच हिशेब करत बसले की यांच्यापैकी कोण बाबांना ओळखतं.

त्याच वाटेवर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. चढावर मी उभी राहून पायडल मारत होते आणि सायकल गप्प होती. बसले, वाजली. उतारावर पाय स्थिर ठेवून नुसतीच बसून राहिले, तर प्रत्येक खड्ड्यात कर्र. म्हणजे पायडल नाही, चेन नाही. दुकानदार सीटवर बसलाच नव्हता.

रविवारी दुपारी बाबा बाहेर गेल्यावर मी सायकल घरामागे नेली आणि जमिनीवर पाठ टेकून सीटखाली पाहिलं. मागच्या दोन स्प्रिंगांपैकी एकीच्या आत, वेटोळ्यांमध्ये, तांब्याच्या तारेनं गच्च बांधलेला एक बिब्बा होता.

दृष्ट लागू नये म्हणून आमच्याकडे बिब्बा सगळीकडे बांधतात. दाराला, ट्रॅक्टरला, तान्ह्या बाळाच्या कमरेला. नोकरीच्या पहिल्या दिवशी आई काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा माझ्या मनगटाला बांधायला आली होती. शाळेत मुलं विचारतील, असं म्हणून मी हात मागे घेतला होता. तिनं तो परत पदराच्या गाठीत बांधला होता. आता मी बसले की स्प्रिंग दबायची, तार तिच्यावर घासायची आणि ओरडायची.

पक्कड आणून मी तार तोडायला गेले. घाईत पकडीत तारेबरोबर बिब्बाही सापडला आणि फुटला. काळा चीक बोटांवर आला. मी तो मातीनं पुसला, तुकडे कुंपणापलीकडे टाकले आणि आत जाऊन साबणानं हात धुतले. चीक अंगाला लागू द्यायचा नसतो, एवढं मला माहीत होतं. पुसला म्हणजे झालं, असं वाटलं.

सकाळी उजव्या हाताची तीन बोटं सुजून लाल झाली होती आणि त्यांवर पाण्यानं भरलेले फोड होते. चहाचा कप मी डाव्या हातानं धरला. बाबांनी पाहिलंच.

“हाताले काय झालं वं?”

मी कप खाली ठेवला. चुलीपाशी बसलेल्या आईनं माझ्या बोटांकडे पाहिलं. एकदाच. ती सगळं समजली हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

“बिब्बा उतला तिले,” ती म्हणाली. “काल माह्यासंग बिब्बे फोडून गोडंबी काढत होती. सांगलं होतं, हाताले राख लाव मनून. आयकते कुठं?”

बाबा आंघोळीला गेले. आई खोबरेल तेलाची बाटली घेऊन माझ्याजवळ बसली आणि बोटांना तेल लावायला लागली. मी विचारलं, तारेनं का बांधलास.

“पयले दोऱ्यानंच बांधला होता, तुटला. रस्ता खराब हाय.” पुढच्या बोटाला तेल लावत म्हणाली, “तू हाताले बांधू देत नोहती, मंग कुठं बांधू? तू वळनावरून दिसेनाशी झाली का माह्या जीवाले घोर लागते.” आणि मग, न्हाणीच्या दाराकडे बघत, हळू आवाजात, “रस्त्यानं काई हाय का?”

मी कुणाला काही सांगत नाही. त्या दिवशी सांगितलं. पुलावरची पोरं सायकलीचा आवाज काढतात, पण बोलत काहीच नाहीत, आणि आता आवाजच गेला, म्हणजे तेही थांबेल. तिचा हात माझ्या बोटांवर थांबला होता. तिनं झाकण लावलं आणि म्हणाली, “बाबाले सांगू नोको.”

त्या सकाळी सायकल अगदी गप्प चालली. तिच्या आवाजाखाली मला इतके दिवस दुसरं काहीच ऐकू आलं नव्हतं. आता टायरखालची खडी, माझा श्वास, दुरून येणारी मोटारसायकल, सगळंच ऐकू येत होतं. दुखऱ्या बोटांनी उजवा ब्रेक नीट दाबता येत नव्हता, म्हणून पूल यायच्या आधीच मी वेग कमी केला. पोरं बसलेली होती. मी त्यांच्यासमोरून गेले. कुणी डोकं वर केलं नाही. पूल संपला, आणि मागून एकानं तोंडानं कर्र केलं. मग सगळ्यांनी.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी आईला एवढंच म्हटलं, “सायकल वाजत नव्हती. तरी आवाज काढला त्यांनी.” ती भाकर थापत होती. तिनं ती तव्यावर टाकली.

जेवताना बाबांच्या ताटात भाजी वाढत ती म्हणाली, “उद्या सकाळी मी हिच्यासंग पुलापर्यंत जातो. आता रोजच जाईन. वावरात काम हाय.”

आमचं वावर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, पुलाकडे नाही. बाबांनी आईकडे पाहिलं, मग माझ्या बोटांकडे. मी घास हातात धरून बसले होते. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि खाल्ला. मग म्हणाले, “जा. पन सायकलीमागं पयू नोको. हिले सांग, हळू चालव.”