पाचवीचा पाटा अंगणात

वर्तमानपत्रात काम केलेल्या माणसाला अशा विषयावर लिहिणं जड जातं. जे पडताळता येत नाही ते छापायचं नाही, ही सवय हाडात गेलेली असते. देवावर माझा भरवसाही बेताचाच होता. म्हणून ही हकीकत मी बरीच वर्षं लिहिली नाही. आज ती घडली तशी लिहितो. ती काय होती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

लातूरकडे भूकंप झाला, त्या वर्षीचा पावसाळा संपत आला होता. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. सेनगाव तालुक्यात साखऱ्याजवळ आमचं घर होतं, माळवदाचं. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि वर माती. गळती लागू नये म्हणून दर वर्षी पावसाआधी माळवदावर नवी माती पसरायची, ही आमच्याकडची रीत. जुनी माती कोणी काढत नाही. पावसापासून घर राखणारी हीच माती भूकंपात माणसांवर कशी येते, हे मी लातूरकडच्या गावांत पाहिलं होतं आणि बातमीत लिहिलंही होतं.

त्यानंतर आमच्या भागात जमिनीतून आवाज येऊ लागले. खोल कुठेतरी कोणी जातं फिरवून थांबवावं, तसा आवाज. पायाखाली काही हलायचं नाही, पण घागरीतल्या पाण्यावर वर्तुळं उठायची. गाव बाहेर झोपू लागलं. आम्हीही अंगणात गोणपाटाचा मांडव घातला. ज्वारीची पोती, कंदील, दोर, पाण्याच्या घागरी, पाटा-वरवंटासुद्धा बाहेर आणला. शेळ्या बाहेर बांधल्या. आत राहिल्या फक्त माझी पत्नी आणि आमची नुकती जन्मलेली मुलगी. पत्नीच्या माहेरचं घर भूकंपात गेलं होतं, माणसं पत्र्याच्या निवाऱ्यात होती, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच झालं. बाळंतिणीला सव्वा महिना उघड्यावर आणायचं नाही, वारं लागतं, यावर माझी आत्या ठाम होती. तिनंच मला लहानाचं मोठं केलेलं.

"अन् घर पडलं तर?" मी म्हणालो.

"पेपरात धरणीकंपाचं छापतोस ना? मंग बाळंतीण कशी राखावी तेबी छाप. ह्या गारठ्यात तिला बाहीर काढतोस, व्हय?"

मागच्या पावसाळ्यात शेजारची बाळंतीण तापानं गेली होती. आत्याची भीती खरी होती आणि माझीही. दोन्हींतली कोणती मोठी, हे मला कळेना. त्या माळवदाखाली जाऊन मी मनात एवढंच म्हटलं, की माझ्याच्यानं ठरत नाही, आता तूच ठरव.

तो पाचवीचा दिवस होता. पाचवीला पाटा-वरवंटा सटवाई म्हणून बाळंतिणीच्या खोलीत मांडतात आणि पूजतात. दुपार कलल्यावर आत्या हळदी-कुंकवाचं ताट घेऊन मांडवात आली, पाटा उचलायला मला हाक मारली. पाट्याशी एक बाई बसली होती. हिरवं लुगडं, वय सांगता येऊ नये असा चेहरा. ती येताना आम्ही कोणी पाहिली नव्हती. शेळ्यांनी चारा सोडला होता आणि सगळ्या तिच्याकडे तोंड करून उभ्या होत्या.

"कोण्या गावची गं माय?" आत्यानं विचारलं.

"इथलीच." तिनं ताटातलं कुंकू बोटावर घेतलं आणि पाट्याला लावलं.

"अगं, काय करून राहिलीस? त्यो आत न्यायचा हाय."

"आता कसा नेता? बसलेल्या देवीला उठवतेत का? लेकराला आणा पाया पडायला."

कुंकू लागलेला पाटा पूजा उरकेपर्यंत हलवत नाहीत. आत्याला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. "मोठी सांगणारी आली," असं पुटपुटत तिनं घोंगडी घेतली आणि ती दाराकडे वळली. पत्नी मुलीला घेऊन उंबऱ्यातच उभी होती. आत्यानं दोघींना घोंगडीत गुंडाळून मांडवात आणलं.

पत्नी पाट्यापुढे टेकली आणि जमिनीतून आवाज आला. शेळ्या एकदमच खाली बसल्या. मग खोलीचं माळवद खचलं. फार मोठा आवाज झाला नाही, भरलेलं पोतं टेकवावं तेवढाच. दारातून धूळ सावकाश बाहेर आली. मुलगी झोपेतून जागीही झाली नाही.

ती बाई तिथे नव्हती. मी गावात विचारलं, साखऱ्याच्या थांब्यावर विचारलं, सेनगावच्या जीपवाल्यांना विचारलं. हिरव्या लुगड्यातली अनोळखी बाई कोणी पाहिली नव्हती. शेजारी म्हणाले, जडीबुटी विकत फिरणारी कोणी असेल. आत्यानं पाट्यापुढे डोकं टेकलं, पण कोणाचं नाव घेतलं नाही. माती भिजून जड झाली होती, तुळई आधीच झिजली असेल, हे मलाही कळतं.

पत्नीला मी बऱ्याच दिवसांनी विचारलं, आत्यानं बोलवायच्या आधीच तू उंबऱ्यात कशी आलीस? ती म्हणाली, अंगणातून हाक आली, माझ्या माहेरच्या नावानं. लग्नात नाव बदललेलं. जुन्या नावानं आमच्या घरी तिला कोणी हाक मारत नसे.

"भ्याली न्हाईस?"

"काहून भिऊ? हाक आली, मी आले."

आज आमच्या घरावर पत्रे आहेत. पावसाळ्याआधी मी सामान बांधून दाराशी ठेवतो, वाट मोकळी ठेवतो, घरच्यांना बाहेर कुठे जमायचं ते सांगतो. तेवढं माणसानं करावंच. एवढं करून झालं की मी हात जोडतो. माझी मुलगी आज आहे, याबद्दल आभार कोणाचे मानायचे ते मला ठाऊक नाही. म्हणून नाव न घेता मानतो.