रबराचं गांडूळ

रबराला ना वास, ना चव. मग मासा त्याला तोंड का लावतो? मी दादाला विचारलं, सुभेदारांना विचारलं, गुरांच्या डॉक्टरलासुद्धा विचारलं. अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

किस्से डोहातल्या गाळासारखे साठतात. एक ढवळला की चार वर येतात. माझा थोरला भाऊ शंकरदादा जाऊन तीन महिने झाले नाहीत, पण कृष्णेच्या काठावर त्याचे तीन सोबती जमले की रडायचं राहतं आणि किस्सेच सुरू होतात. माझी शाळा चौथीत सुटली. जमेल तसं लिहितो.

*

लढाईत दादा जहाजावर होता. तिथल्या मालवणी भंडाऱ्यानं, म्हणजे स्वयंपाक्यानं, त्याला भर समुद्रात गळ टाकायला शिकवलं. चाळीस वाव दोरी (दोन्ही हात पसरले की एक वाव), टोकाला शिसं आणि गळावर मऊ रबराचं गांडूळ. शिसं तळाला टेकलं की हलकेच उचलायचं, सोडायचं. एकच नियम : "ओढू नको, नाचव!"

एकदा दादानं वासराएवढा मासा काढला. सगळ्या जहाजानं ताव मारला. शेवटचे घास चालले होते तोवर जहाजाचा डॉक्टर आला. "माझी लाल रबरी नळी कुणी कापली?"

"कसली नळी?"

"एनिमाची!"

सगळ्यांचे घास तोंडात थांबले. दादा ताठ उभा राहिला. "उकळून घेतली हुती, सायेब!"

उरलेला लाल तुकडा त्यानं पत्र्याच्या डबीत घालून गावाला आणला.

*

गावात पहिल्यांदा सगळे हसले. "रबर काय मासा खातोय व्हय?" पण आमचे सुभेदार हसले नाहीत. ते नुकतेच इटलीहून पेन्शनीत आले होते. मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "लेकानो, तिकडं आमी रबराचे रणगाडे फुगवून शेतात उभे केलते. जर्मन चार दिवस त्यांच्यावर तोफा डागत हुता. जर्मन फसला, तितं शिंगटा काय लावून बसलाय!"

त्याच दिवशी एक मिशाळ शिंगटा मासा फसला. सुभेदारांनी त्याला आधी सलाम ठोकला, मग पिशवीत टाकला.

*

लाल रबर खोल डोहासाठी राखून ठेवलेलं. रोजच्या कामाला सायकलची ट्यूब. ती सायकल दुकानवाले इस्माईलभाई पुरवायचे. लढाई संपली तरी ट्यूब मिळणं मुश्कील, म्हणून भाई गिऱ्हाइकाला सांगायचे, "ही गेली कामातनं." आणि ती संध्याकाळी डोहावर यायची.

एक दिवस शाळेचे मास्तर सहज काठावर आले. दादानं मरळ काढली. तिच्या जबड्यात रबर, आणि रबरावर चौकोनी ठिगळ. मास्तर वाकले. "हे ठिगळ माझ्या ट्यूबचं आहे!"

भाईंनी क्षणात मरळ उचलून त्यांच्या हातात दिली. "मग मासाबी तुमचाच की, मास्तर!"

*

तिसरा गडी नाना. गळ्यात तुळशीची माळ, मासा खायचा नाही, पण गळ टाकायची हौस दांडगी! बिचारा वर्षानुवर्षं नुसता बघत बसायचा, कारण गांडूळ मारायचं पाप. रबर आलं आणि नानाची वाट मोकळी झाली. दादानं त्याला एक लाल गांडूळ भेट दिलं. धरायचं, दर्शन घ्यायचं, सोडून द्यायचं.

एकदा त्याच्या गळाला हातभर वाम लागली. सुभेदार काकुळतीला आले. "नाना, पाया पडतो, सोडू नगा!" नानानं वाम ओंजळीत धरली, हसला, सोडली.

सुभेदार मटकन खाली बसले. "आता घरी जाऊन तुमचं पुण्यच कोरड्यासात घालतो!"

*

हा किस्सा माझा आहे, हसायचा नाही. मी डोहात लाल रबर टाकलं आणि मासा लागताच हिसका दिला. दोरी तुटली. दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "कितींदा सांगू? नाचव म्हणलं की वढतोस. तुझ्यानं व्हायचं न्हाई."

माझं डोकं फिरलं. मी त्याची डबीच उचलून डोहात भिरकावली. सगळं लाल रबर गेलं. दादा तुटकी दोरी गुंडाळून घरी निघाला. रात्री त्याला ताप भरला. आठव्या दिवशी तो गेला. मधे मला माफी मागायला तोंड झालं नाही. माझ्यावर रागावून गेला का, एवढंच डोक्यात.

*

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला. बाभळीवर दोन कावळे. एकही खाली उतरेना. आई घरी पाणीसुद्धा न घेता बसलेली.

"म्हातारीला मी बघतो रं," सुभेदार म्हणाले. कावळा ढिम्म. "दुकानात तुझ्या धाकट्याला बसवतो," लांबून इस्माईलभाई ओरडले. ढिम्म. ऊन डोक्यावर आलं. भटजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिवू."

मी ओरडलो, "दादा, डबी मी टाकली. चुकलो. शिव्या घाल, पण ये!"

कावळ्यानं मान फिरवली.

तेव्हा नानानं पटक्याच्या घडीतून ते भेट मिळालेलं लाल गांडूळ काढलं. गळ काढून टाकलेला, दोरी तेवढी बांधलेली. पिंडाशेजारी ठेवलं आणि दोरी माझ्या हातात दिली. भटजी म्हणाले, "हे कुठल्या शास्त्रात?"

मी दोरी बोटांत धरली. ओढलं नाही. हलकेच उचललं, सोडलं. उचललं, सोडलं.

कावळा खाली आला! भातात पाय रोवला, रबर चोचीत धरलं आणि दोरीसकट डोहावरून पलीकडं गेला.

"फसला!" सुभेदार ओरडले. मग जीभ चावली. भाई हसले, नाना हसला, आणि दहा दिवसांनी पहिल्यांदा मीही हसलो, डोळे पुसत. पण शिवला तो भाताला की रबराला, यावर घरापर्यंत तिघांचं भांडण चाललं.

आई उंबऱ्यातच बसली होती. "शिवला का रं?"

"शिवला."

"कशाला?"

तिघं माझ्याकडं बघायला लागले.

"भाताला," मी म्हणालो, आणि पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला.