मालवणात पाण्यानं उचललेली होडी

कोराडीच्या वीज केंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर काम करणारा शालिकराम तसा बोलका गडी, पण घरात त्याच्या तोंडाला कुलूप. त्याची आई जिजाबाई लकवा होऊन अंथरुणाला खिळली, तेव्हापासून ती जाईपर्यंत तिचं सगळं त्याच्या बायकोनं, प्रेमिलानं केलं. कूस बदलणं, भरवणं, धुणं. कपाळावर कधी आठी नाही. आणि या पठ्ठ्यानं तिला त्याबद्दल एक शब्द म्हटलेला नव्हता. ते त्याला आतून खात होतं. आईचं वर्षश्राद्ध उरकल्यावर त्यानं नोकरीतली प्रवास सवलत घेतली आणि बायकोला थेट मालवणला आणलं. घरी जमलं नाही ते परगावी जमेल, असा त्याचा भाबडा हिशेब.

सकाळ मजेत गेली. दोघं बाजारात उगीच हिंडली, प्रेमिलानं ओली कोकमं हुंगून पाहिली, धक्क्यावर मासळीचा लिलाव ऐकला आणि त्यातलं अवाक्षर न कळूनही हसून घेतलं. शालिकराम मात्र प्रत्येक वळणावर बोलायचं ठरवी आणि पुढच्या वळणावर ढकली. उद्या पहाटे परतीची एसटी होती.

दुपारी समुद्र पार दूर गेलेला. वाळूवर होड्या कलंडून पडल्या होत्या. आता या मंडळींना ठाऊक कन्हान नदी. तिचं पाणी उतरलं की पावसाळ्यापर्यंत परतायचं नाव घेत नाही. त्यामुळे दोघं एका होडीत निवांत चढली, घरून आणलेल्या उरल्यासुरल्या दशम्या ठेच्याशी खाल्ल्या आणि गार वाऱ्यात तिथंच आडवी झाली.

शालिकरामला जाग आली ती होडी डुलल्यानं. चहूकडे पाणी. प्रेमिला होडीची कड घट्ट धरून बसली होती.

"आपून वाहून राहिलो का?"

"नाही वं, दोर बांधला हाये," तो म्हणाला, पण त्यानंही कड घट्ट धरली. पोहणं दोघांच्याही बापजन्मी नाही. आता राहिलं तर कायमचं राहिलं, असं वाटून तो घाईघाईनं बोलला, "प्रेमिला, मायचं तू जेवढं केलं, तेवढं मी पोटचा पोरगा असून केलं नसतं. तुह्यामुळे ती सुखानं गेली. मले कधी सांगता आलं नाही."

प्रेमिलानं होडीची कड सोडली.

तेवढ्यात होडीचा मालक, गोविंदा, पाण्यातून चक्क चालत आला. "घाबरू नकात. भरती इली. गुडघ्याएवढाच पाणी आसा, उतरा खाली."

शालिकराम ओशाळून उठला. प्रेमिलानं त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

"बसा जरासं. मले इतके दिवस वाटे, तुमाले दिसतच नाही."

"दिसे," तो म्हणाला. "रोज दिसे."

प्रेमिलानं पदर तोंडाला लावला आणि सासू गेल्यापासून पहिल्यांदा ती मोकळी रडली. गोविंदा काही न विचारता होडीची कड धरून, पाठ फिरवून उभा राहिला.