दोन डाव्या बाह्या

शिवणबाई कुठल्याही कपड्याची सुलटी बाजू आधी बघत नसत. माझ्या लग्नात त्या स्टेजवर आल्या, पाकीट हातात दिलं आणि आशीर्वाद राहिला बाजूला, माझ्या ब्लाऊजच्या बाहीची कड दोन बोटांनी उलटी करून, चष्मा सावरत, आतली तुरपाई बघायला लागल्या. शेजारी सासूबाई उभ्या. त्यांना वाटलं, बाहीत मुंगी-बिंगी शिरली. मागे आहेरवाल्यांची रांग ताटकळलेली. "चांगली झालीय," बाई म्हणाल्या, "आता सुखानं नांद." फोटोग्राफरने नेमका तेवढाच क्षण टिपला. अल्बममध्ये तो फोटो अजून आहे आणि माझी मुलगी दर वेळी विचारते, "आई, ही आजी तुझ्या बाहीत काय शोधतेय गं?"

श्रीरामपुरात चर्चमागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा लवकर गेलेला, मुलगा पुण्याला. पुढच्या खोलीत चार पायमशीन आणि एक लाकडी टेबल, एवढाच त्यांचा क्लास. दारावर पाटी होती, पाटीवर नाव होतं, पण त्या नावाने कुणी विचारलं असतं तर गल्लीतल्या माणसाने मान हलवून "नाही बुवा माहीत" असंच सांगितलं असतं. पोस्टमन धरून सगळे शिवणबाईच म्हणायचे.

मुलगी शिवलेला फ्रॉक घेऊन मोठ्या कौतुकाने समोर उभी राहिली, की बाई हात पुढे करायच्या आणि दोनच शब्द बोलायच्या, "आतून दाखव." तिथेच निम्म्या जणींचा चेहरा पडायचा. आत दोऱ्यांची शेपटं, गाठींचे गोळे, एक टाका गावात तर दुसरा शिवारात. बाई रागवायच्या नाहीत. "बाहेरून तर मशीन शिवती, त्यात तुझं काय?" असं म्हणून कपडा परत द्यायच्या. मग म्हणायच्या, "उसव." दुसरी बाई "चहा घे" म्हणेल ना, अगदी तशा आवाजात. ब्लेड वापरायला बंदी. सुईच्या टोकाने एकेक टाका उचलायचा. आणि कडक नियम असा, की जिने चूक केली तिनेच उसवायचं. मैत्रिणीने मदतीला हात घातला, तर त्या तिच्या हातातून कपडा काढून घ्यायच्या.

मी त्यांच्याकडे गेले ती मात्र दोन क्लासनी परत पाठवलेली मुलगी म्हणून. मी डावरी. देवळाली प्रवरेजवळ आमची वस्ती, भोवती ऊस, आणि घरात माझ्या डाव्या हाताचा सगळ्यांना भारी विटाळ. जेवताना तो हात पुढे आला की आई त्यावर उलथनं मारायची. बारावी झाल्यावर स्थळं बघायला सुरुवात झाली, तेव्हा आईच्या मनाने घेतलं, की शिवण येत असलं म्हणजे डावरेपणा झाकला जाईल. पण सुई तर त्याच हातात धरायची ना! पहिल्या क्लासच्या मॅडमनी महिन्यातच सांगितलं, आधी हात सुधारा, मग या. दुसरीकडे आठवडासुद्धा टिकले नाही. तिसरीकडे आईच बरोबर आली. दारातूनच तिने कबुली दिली, "बाई, पोरगी डावरी हाय, पन हुशार हाय."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. क्लासमधल्या मुली त्यांच्या शेजारी बसून हात बघायच्या. मला त्यांनी शेजारी बसवलंच नाही. स्टूल ओढून माझ्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. त्यांच्या उजव्या हातात सुई, माझ्या डाव्या. "मी आरसा हाय असं समज," म्हणाल्या. "आरशात दिसतंय तसं कर." त्यांनी टाका घातला, मीही घातला. त्यांची तुरपाई उजवीकडून डावीकडे जायची, माझी डावीकडून उजवीकडे. रुमालाची एक कड पुरी झाली तेव्हा मी मान वर केली, तर आई दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होती. बाईंनी रुमाल उलटा केला, डोळ्यांजवळ नेला. "टाके दुसऱ्या अंगाला झुकलेत," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, झालं, संपलं. "झुकू दे. सारखे हायेत ना? मग झालं तर." त्या दिवसापासून त्या मला "डावरे" म्हणायला लागल्या. घरात हा शब्द कानाखाली बसल्यासारखा वाटायचा. त्यांच्या तोंडून ऐकला की मला कुणी तरी जवळ ओढल्यासारखं वाटायचं, खोटं कशाला सांगू?

नशिबाने सासर श्रीरामपूरचंच मिळालं. घराच्या पुढच्या खोलीत मी शिवणकाम सुरू केलं. तोवर बाईंच्या क्लासला मुली येईनाशा झाल्या. रेडीमेड कपडे आले, आणि शिकायचंच असलं तर मोबाईलवर सगळं दिसायला लागलं. एके दिवशी मी त्यांना म्हटलं, "बाई, घरात बसून भिंती मोजण्यापेक्षा माझ्याकडे या. कटिंग तुम्ही करा, मी शिवते." त्या दुसऱ्या दिवशीच आल्या, पिशवीत स्वतःची कात्री घेऊन. काळ्या मुठीची जड कात्री, दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालायचा नाही. बायका माप द्यायला आल्या की विचारायच्या, "कटिंग बाईंचंच ना?" मी मुद्दाम तोंड वाकडं करायचे, म्हणजे आम्ही काय इथे नुसते मशीनचे पाय हलवतो काय! बाईंना ते फार आवडायचं. गालातल्या गालात हसून कापडावर खडू ओढायच्या.

अशी कितीतरी वर्षं गेली. बाईंनी पंचाहत्तरी ओलांडली. मधूनमधून चष्मा डोक्यावर असताना टेबलावर शोधायच्या, पण ते काय, मीही शोधते. मला काही कळलं नाही. किंवा कळत होतं आणि मी बघत नव्हते.

मग ती देवळालीची नवरी आली. काठापदराची साडी, ब्लाऊजपीस साडीतूनच काढलेला, म्हणजे वर कापड मिळायचा प्रश्नच नाही. लग्न दोन दिवसांवर. काठ बाहीला हवा होता, म्हणून कापड दुहेरी न घालता एकेक बाही सुटी कापावी लागणार होती. बाहीचा मुंढा, म्हणजे खांद्याला जोडायची गोलाई, पुढच्या बाजूला जरा जास्त खोल कापतात. त्यामुळे एक बाही कापली की दुसरीसाठी मापाचा कागद उलटा ठेवायचा असतो, नाहीतर दोन्ही एकाच हाताच्या होतात. क्लासमधली प्रत्येक नवी मुलगी ही चूक एकदा करायचीच, आणि बाई म्हणायच्या, "आता दोन डाव्या हातांची बाई शोधून आण."

बुधवारी दुपारी बाई नेहमीप्रमाणे चर्चमधल्या महिलांच्या प्रार्थनेला गेल्या. मी बाह्या जोडायला घेतल्या. पहिली बसली. दुसरी लावून बघते तर बसेना. फिरवली, तरी बसेना. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही डाव्या होत्या.

नवरीची काळजी होतीच, पण खरी काळजी बाईंची. ही कात्री त्यांच्या हातातून गेली तर त्यांच्याकडे उरणार काय? सकाळी उठून कुठे जायचं, एवढं तरी त्या कात्रीमुळे होतं त्यांना. मी दाराला कडी लावली. चुकलेल्या बाहीचा पुढचा भाग खोल केला, मागे जिथे जास्त कापलं गेलं होतं तिथे चिंधीतला बोटभर तुकडा जोडला, आणि जोड काखेखाली येईल असं करून वरून बारीक तुरपाई घातली. बाई परतल्या तेव्हा ब्लाऊज हँगरला होता आणि मी भाजी निवडत होते, जन्मात ब्लाऊज बघितलाच नसल्यासारखी.

बाईंनी चपला काढल्या, सवयीने हँगरवरून ब्लाऊज उतरवला आणि उलटा केला. त्यांचं बोट तुरपाईवरून फिरत गेलं आणि काखेजवळ थांबलं.

"ही तुरपाई डाव्या हाताची हाय," त्या म्हणाल्या.

तुरपाई करायचं काम बाईंकडेच असायचं. मी भाजीतून मान वर केली नाही.

"दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या मी?"

"बाई, एवढं काही नाही, होतं कधी कधी..."

"हो का न्हाई, ते सांग."

"हो."

बाईंनी जोडावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग त्या म्हणाल्या, "तुझा जोड चांगला हाय. पन चूक माजी हुती, डावरे. मला हाक मारायची हुतीस." आणि स्टूलवर बसून, सुईच्या टोकाने माझी तुरपाई उसवायला लागल्या. मला रडू फुटलं. मी म्हटलं, बाई, राहू द्या, उद्या न्यायला येणार आहेत. त्यांनी ऐकलं नाही. उसवून झालं तसा तोच तुकडा स्वतः पुन्हा जोडायला घेतला. सुई ओवून देण्यापलीकडे मला काही करू दिलं नाही त्यांनी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवरीचा भाऊ मोटरसायकल घेऊन आला, तेव्हा बाईंचे शेवटचे चार टाके राहिले होते. त्याला मी दोनदा चहा पाजला. ब्लाऊज पुरा झाल्यावर बाईंनी तो उलटा करून माझ्या हातात दिला. "बघ आतून," म्हणाल्या. मी बघितला. टाके लहानमोठे होते, पण एकही सुटलेला नव्हता. "बरोबर आहे बाई," मी म्हटलं.

तो गेल्यावर त्यांनी पिशवीतून कात्री काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "आता कटिंग तुझं. मी हूक लावीन." एवढंच. त्यानंतरची चार वर्षं त्या खिडकीजवळ बसून हूक लावत, आणि प्रत्येक ब्लाऊज मला आतून दाखवत. माझ्याकडून कुठे घाई झाली, की न लाजता "उसव" म्हणत.

मागच्या हिवाळ्यात त्यांनी पांढरं सुती कापड आणलं आणि कात्री परत मागितली. मी जरा घाबरूनच दिली. "भिऊ नको," त्या हसल्या. "या कापडाला उलटंसुलटं न्हाई. बाही चुकली तर उलटवून घ्यायची. म्हनून हा मीच कापनार." ब्लाऊज कुणाचा, हे मी विचारलं. "माजा. मला मातीत ठेवतील तवाचा." मी संतापले, काहीबाही बोलले. त्यांनी शांतपणे ब्लाऊज शिवला, हूक लावले, एका बाहीची तुरपाई केली. डावी बाही तशीच ठेवून घडी माझ्या कपाटात घातली. "ही तुझी. तुझ्या हातानं कर. आत्ता न्हाई."

उन्हाळा लागता लागता बाई गेल्या. सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला, "ताई, आई म्हणाली होती, ब्लाऊज तुमच्याकडे आहे." मी घडी काढली, त्यांच्या खिडकीजवळच्या स्टूलवर बसले आणि सुई ओवली. डोळ्यांनी दिसत नव्हतं, टाके वेडेवाकडे पडत होते. कुणी बघणार नव्हतं, मातीत कोण बघतं? तरी मी ते उसवले. सुईच्या टोकाने, एकेक. पुन्हा घातले, पुन्हा उसवले. फोन वाजत राहिला. तिसऱ्या वेळी सगळे सारखे आले, दुसऱ्या अंगाला झुकलेले, पण सारखे.

दोरा तोडला, ब्लाऊज उलटा केला आणि सवयीने समोर धरला. बराच वेळ तसाच धरून बसले होते मी.